आवड नसलेल्या मुलांच्या गावी

हिंगोली जिल्ह्यात पाहण्यासारखं काय आहे, असं परतल्यावर मला तिघाचौघांनी विचारलं. मी त्यांना औंढ्याचं देऊळ सांगितलं, नरसी सांगितली, हळदीचा बाजार सांगितला. त्यांचं समाधान झालं. खरं म्हणजे औंढ्याला मी गेलोच नाही आणि हळदीचा बाजार गाडीच्या काचेतून पाहिला. मी गेलो होतो ते माझंच एक वाक्य खोडायला. ‘तांड्यावरील विद्यार्थ्यांत विज्ञानाविषयीची आवड अत्यल्प आढळते,’ हे ते वाक्य. पंचवीसेक वर्षांपूर्वी ते मी एका अहवालात लिहिलं, आणि तेव्हापासून ते माझ्याशिवाय गावोगाव हिंडतं आहे.

मी आयुष्यभर पुण्यात शिक्षणसंशोधनाचं काम केलं. मुलांना विज्ञान का आवडतं, का आवडत नाही, आणि आवडीचा शिकण्याशी काय संबंध, हा माझा विषय. त्यासाठी मी एक प्रश्नावली तयार केली होती. आम्ही शाळेत जायचो, टेबलावर सूक्ष्मदर्शक, भिंगं, लोहचुंबक, काचेच्या नळ्या मांडायचो आणि मुलांना विचारायचो, ‘तुला हे आवडतं का?’ खूप, थोडं, नाही. तीन चौकोन. सेनगाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरच्या शाळेत मुलांनी ओळीने ‘नाही’च्या चौकोनात खुणा केल्या. आम्ही कागद गोळा केले आणि सामान भरायला लागलो, तर तीच मुलं टेबलाभोवती जमली. एका मुलीने कुणाला न विचारता वाकून सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला. मी म्हणालो, “हात लावू नकोस, फुटेल.” आणि पेटीचं झाकण लावलं.

हे मी पाहिलं होतं. अहवालात मात्र लिहिलं नाही. कारण आलेख फार सुरेख आला होता. मोठ्या गावांतल्या शाळा वर, तांडे खाली, मध्ये स्वच्छ अंतर. असा आलेख पदरात पडला की माणूस डोळ्यांनी पाहिलेलं विसरायला तयार होतो. त्या आलेखावर माझं कौतुक झालं. त्याच आलेखाच्या आधारे ‘जिथे आवड आहे तिथे’ विज्ञानाचं साहित्य आणि शिक्षक गेले. तांड्याला शिवणयंत्रं मिळाली.

या वर्षी श्रावणात मुग्धाचा फोन आला. ही माझ्या एका विद्यार्थ्याची विद्यार्थिनी. ती नुकतीच नोकरीला लागली होती तो धर्मादाय न्यास हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळेला विज्ञानाची प्रयोगशाळा आणि सोबत शिक्षक देणार होता. कोणत्या शाळेला, हे मुलांची आवड मोजून ठरणार होतं. “सर, आपण तुमचीच प्रश्नावली वापरतोय,” ती आनंदाने म्हणाली. “तुम्ही सल्लागार म्हणून याल का?” निवडक शाळांच्या यादीत तोच तांडा होता. मी हो म्हणालो. माझ्या मनात होतं, ह्या खेपेला योग्य पद्धतीने मोजायचं आणि प्रयोगशाळा तांड्याला मिळवून द्यायची. म्हातारपणी माणसाला वाटतं, हिशेब आपल्याच हातून मिटावा.

हिंगोली

स्टेशनाबाहेर आलूबोंडा आणि वरून कढी खाल्ली. आमच्याकडे बटाटावड्याला कढीत बुडवलं तर लोक आजारी माणसाचं खाणं समजतील. इथे ते सकाळी सकाळी उभ्याने, घाम पुसत खातात आणि ते तसंच खायला हवं. गाडीचे चालक मुश्ताकभाई म्हणाले, “और एक लेव साहब, आगे रास्ते में कुछ नै मिलता.” मी आणखी एक घेतला, आणि दुपारपर्यंत त्याचं फळ भोगलं.

गाडीत मुग्धाने मला टॅब दाखवला. माझे तीन चौकोन गेले होते. त्यांच्या जागी पाच तोंडं आली होती, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, पिवळीधमक. मुलाने तोंडावर बोट ठेवलं की आकडा आपोआप वर जातो आणि शाळेचा ‘आवड निर्देशांक’ तयार होतो. माझाच मूर्खपणा रंगीत होऊन माझ्यासमोर आला होता, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात माझं नाव होतं.

“हे कुणी ठरवलं?” मी विचारलं.

“सर, मूळ तुमचंच आहे. आम्ही फक्त बालस्नेही केलं.”

पहिली शाळा तालुक्याच्या गावातली, मोठी, दुमजली. पूर्वीच्या वाटपात साहित्य मिळालेल्या शाळांपैकी एक. मुख्याध्यापकांनी शाल, नारळ, सगळं केलं. प्रयोगशाळा बघू म्हटल्यावर किल्ली सापडेना. किल्ली असलेले शिक्षक प्रशिक्षणाला गेलेले. शिपायाने कुलूप काढलं तेव्हा आतून उंदरांचा वास आला. काचेच्या कपाटांत सगळं जागच्या जागी होतं, आणि कपाटांनाही कुलपं.

“मुलं वापरतात का?”

“वापरतात की. पण फोडतात हो सर. म्हणून आम्ही दाखवतो. काचेतून सगळं दिसतं.”

मग वर्गात गेलो. मुग्धाने विचारलं, “विज्ञान आवडतं का?” साठ गळे एका सुरात ओरडले, “खूऽऽप!” प्रार्थनेला ओरडतात तसे. मी पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारलं, “प्रयोगशाळेतलं तू हातात काय धरलंयस?” त्याने आधी गुरुजींकडे पाहिलं, मग कंपासपेटीकडे, आणि म्हणाला, “कर्कटक.”

बाहेर आल्यावर मुग्धा म्हणाली, “यांचा निर्देशांक आत्तापर्यंत सगळ्यात वर आहे, सर.”

मला ओरडावंसं वाटलं, पण ते माझ्यावरच ओरडावं लागलं असतं. ज्या शाळेला आवड आहे असं मी एकदा ठरवून दिलं, तिने ती आवड कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं आणि वर्षानुवर्षं तीच आवड दाखवून नवं मिळवत होती.

नरसी

दुपारी नरसीला थांबलो. कयाधूला पाणी बरं होतं. नामदेवांचं दर्शन घेतलं आणि समोरच्या दुकानातून पेढे घेतले, तांड्यावर रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. दुकानदाराने विचारलं, “कुणीकडं चालले म्हणायचं?” मी शाळा तपासायला म्हणालो. “तपासून तपासून शाळा झिजून गेल्या,” तो म्हणाला आणि पेढ्याची पुडी सुतळीने इतकी घट्ट बांधली की ती सोडायला मला पुढे दात लावावे लागले.

साखऱ्याच्या पुढे

साखऱ्यापर्यंत डांबर आहे. त्यापुढे काळी माती. दोन्ही बाजूंना सोयाबीन कमरेला लागलेलं, मधून मधून तुरीची ओळ, बांधावर सागाची चारदोन झाडं. कोरडी असताना ह्या मातीचं काही वाटत नाही. ओली झाली की ती चाकाला धरते आणि सोडत नाही. आमची गाडी एका वळणावर अशी रुतली की मुश्ताकभाईंनी इंजिन बंद करून बिडीच पेटवली. मी उतरलो, तर चिखलाने माझी एक चप्पल ठेवून घेतली. ती हाताने उपसून काढली.

शेजारच्या वावरातून एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. दोर बांधता बांधता त्याने चौकशी केली.

“तांड्यावर काहून जाऊन राहिले?”

“शाळेत,” मी म्हणालो. “मुलांना विज्ञानाची आवड किती आहे ते बघायला.”

“आन् ती दिसती का डोळ्याला?”

“दिसत नाही, मोजावी लागते.”

“सापडली तर थोडी इकडं बी आणा,” तो म्हणाला. “आमच्या पोराला मोबाइलशिवाय कशाची न्हाई.” ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. चहापाण्याचं विचारलं तर तो हात हलवत निघूनही गेला.

तांडा

तांडा आता ओळखू येत नाही. तेव्हा कुडाची घरं होती. आता सिमेंटची आहेत, टाक्या आहेत, दोन घरांवर सौर पॅनेल. बंजाऱ्यांच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवरून देशभर धान्य-मीठ वाहिलं. हल्ली बहुतेक जण शेती करतात, आणि दिवाळीनंतर बरीच घरं ऊसतोडीला जातात. श्रावणात मात्र तांडा भरलेला असतो. आम्ही मुक्कामाला नाईकांकडे होतो. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. सत्तरीचे, सडसडीत, डोक्याला लाल पागोटं, शाळेच्या समितीचे अध्यक्षही तेच.

त्यांच्या घरात ओळीने टोपल्या मांडल्या होत्या. काळ्या मातीत पेरलेल्या गव्हाची पोपटी रोपं बोट-दीड बोट वर आली होती. तीज. लग्न न झालेल्या मुली श्रावणात गहू पेरतात, रोज विहिरीवरून पाणी आणून, गाणी म्हणत घालतात आणि गोकुळाष्टमीच्या सुमाराला वाजतगाजत पाण्यात शिरवतात. मी वाकून पाहिलं. डोक्यात लगेच जुनं चाक फिरायला लागलं. मुग्धाला म्हणालो, “स्थानिक संदर्भ म्हणून हे प्रश्नावलीत घालता येईल. अंकुरणाची आवड.” नाईकांच्या सुनेने पाणी भरता भरता ते ऐकलं आणि आत जाऊन कुणाला तरी सांगितलं. आतून हसण्याचा आवाज आला.

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल आणि लसणाचा ठेचा. अंबाडीचा आंबटपणा पुण्यातल्या अंबाडीला येत नाही. जेवण अर्ध्यावर असताना दारात आठदहा मुलं जमली. मी पुडी सोडली, म्हणजे दाताने तोडली, आणि पहिल्या मुलीला विचारलं, “पेढा आवडतो का?”

तिने हात पाठीमागे नेले. “न्हाई.”

“तुला?”

“न्हाई.”

एकेकाला विचारलं. सगळ्यांना पेढा आवडत नव्हता. मला हसू आलं; पेढा न आवडणारी दहा मुलं एका दारात कशी?

नाईक म्हणाले, “सर, असं इचारू नका. हातावर ठिवा.”

मी हातावर ठेवत गेलो. पेढे क्षणात नाहीसे झाले. एकाने पुडीच्या कागदाचंही काही उरू दिलं नाही.

“मग नाही का म्हणाले?”

“तुमी पाव्हणे. वस्तू तुमची. पाव्हण्याच्या वस्तूला आवडती म्हणलं, म्हंजे मागितलं.” नाईकांनी भाकरीचा तुकडा मोडला. “आमच्यात लेकरू बोलाया लागलं की पहिलं हेच शिकवतेत. डोळ्यानं पाहायचं, तोंडानं मागायचं न्हाई. मागतं लेकरू म्हणलं तर घरादाराची अब्रू जाती. तुमच्यात कसं असतंय?”

“आमच्यात मूल आवडतं म्हणालं की आजी खूश होते. अजून देते.”

“म्हंजे मागायला शिकवता,” नाईक म्हणाले. त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं. तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली.

मला ती जुनी शाळा आठवली. टेबल आमचं होतं. सामान आमचं होतं. पाहुणे आम्ही होतो. आणि आम्ही एकेका मुलाला समोर उभं करून विचारत होतो, आवडतं का? त्या मुलांनी घरचं वळण पाळून उत्तर दिलं होतं. त्यांच्या सभ्यपणाला मी ‘अत्यल्प आवड’ असं नाव दिलं, आणि ज्यांना घरी ‘खूप’ म्हणायला शिकवलेलं होतं त्यांना प्रयोगशाळा दिली. इतकी वर्षं मी समजत होतो की माझी चूक एवढीच की डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं नाही. प्रश्नच गैर होता, हे मला एका पेढ्याच्या पुडीने सांगितलं. चीड आली. ‘मापनाची विश्वासार्हता’ ह्या विषयावर मी देशभर व्याख्यानं दिली होती. त्या व्याख्यानांना टाळ्या पडायच्या.

मुग्धाही ऐकत होती. तिने टॅब पिशवीत घातला. “सर, मग उद्या काय करायचं?”

मला उपाय सुचला होता, आणि सुचल्याचा आनंदही झाला, हेही लिहितो. विचारायचंच नाही. पेटी वर्गात उघडी ठेवायची, सगळ्यांनी बाहेर जायचं, आणि खिडकीआडून पाहायचं. कोण आधी हात लावतो, कोण किती वेळ रमतो, त्याची नोंद करायची. “ह्यात तांडा सगळ्यांच्या वर जाईल,” मी म्हणालो. मुग्धाचे डोळे चमकले.

शाळा

प्रभारी मुख्याध्यापिका ललिता राठोड. चाळिशीच्या थोड्या आतल्या, जाड चष्मा, साडीचा पदर खोचलेला. त्या ह्याच तांड्याच्या लेकी, बारावीनंतर डी.एड. करून फिरतफिरत इथेच बदली मिळवलेल्या. नाईक त्यांचे चुलते. नाईक आमच्याबरोबरच आले होते. मी ओळख करून द्यायला लागलो तर ललिता मॅडमनी हात जोडून थांबवलं.

“मी ओळखते तुमाला, सर. मी व्हते त्या रांगेत. ‘नाही’ला खूण केली व्हती.”

मला त्या डोळा लावणाऱ्या मुलीची आठवण झाली. “सूक्ष्मदर्शकातून पाहायला आली होती ती तुम्ही होता का?”

“न्हाई. ती निर्मला.” त्या खुर्ची पुसून मला देत म्हणाल्या, “ती आता ऊसतोडीला जाती. मी असते तर तुमाला बरं वाटलं असतं, नं?”

मी बसलो. जरा वेळाने त्यांनी शाळा दाखवली. विज्ञानाचा धडा इथे अजून वाचून होतो. आकृत्या त्यांनी स्वतः जुन्या कॅलेंडरांच्या मागे काढल्या होत्या. प्रयोगशाळेसाठी एक खोली रिकामी करून, चुना मारून ठेवलेली होती. बाहेरचा व्हरांडा गळत होता, पण ती खोली कोरडी होती. त्या खोलीवरून कळलं, ह्या बाईला प्रयोगशाळा किती हवी होती.

मग मी माझी नवी पद्धत सांगितली. प्रश्न नाहीत, तोंडं नाहीत, टॅब नाही. पेटी उघडी आणि आपण आडोशाला. मी उत्साहात बोललो. मागच्या खेपेचं चुकलं हेही बोललो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजे तवा तोंडावर मोजलं,” त्या म्हणाल्या, “आता लपून मोजता.”

“तसं नाही, ताई. ह्यात मुलांचं खरं रूप दिसेल.”

“काहून दिसावं? तुमाला काहून दाखवावं त्यांनी?”

“कारण प्रयोगशाळा त्यावर ठरणार आहे.”

“तेच तर इचारते. काल ज्या शाळेत गेलते तुमी, तिथली जी पहिली लॅब हाय, ती आवड मोजूनच दिली व्हती, अन् ती कुलपात पडली. आमाला शिवणयंत्र दिलं, तवा इचारलं व्हतं का शिवायची आवड हाय का? रेशन द्यायच्या आधी भूक मोजता का कुणाची? डॉक्टर गोळी द्यायच्या आधी आवड इचारतो?” आवाज चढला नव्हता, पण व्हरांड्यातली मुलं दाराशी आली. “तीजेच्या टोपल्या पाहिल्या तुमी काल. घरी सांगितलं मला, अंकुरणाची आवड म्हणून. पेरायच्या आधी कुणी इचारलं व्हतं त्या पोरींना, गव्हाची आवड हाय का? पाणी घालता घालताच लागती, सर.”

मला राग आला. खरं ते लिहितो. मी इतक्या लांब त्यांच्या बाजूने आलो होतो, आणि ह्या मला लपून पाहणारा म्हणत होत्या. मी म्हणालो, “मॅडम, मी तुमच्या फायद्याचं सांगतोय. नकार दिलात तर प्रयोगशाळा हातची जाईल.”

“म्हाईत हाय.”

नाईक चुळबुळले. “ललिता, जरा इचार कर. पोरं भुर्रदिशी हात लावतील, लॅब येऊन जाईल. एका तासाचा तर खेळ.”

“काका, एका तासाचा न्हाई. ह्या तासाला हात लावला म्हणून लॅब दिली, तर पुढल्या साली कुणी दुसरा येईल नवं माप घेऊन. त्यात बसलो न्हाई तर काढून नेईल. लेकरांनी किती येळा पास व्हायचं, शिकायला सुरुवात करायच्या आधी?”

लाज ह्याची की हेच मी शिकवलं होतं. आवड ही शिकण्याची पायरी नसते, बहुतेकदा ती शिकण्यातूनच उगवते, हे मी वर्गात फळ्यावर लिहीत असे. माझे विद्यार्थी ते उतरवून घेत. मग आम्ही सगळे जीपमध्ये बसून ज्यांना काही शिकवलंच नव्हतं त्यांची आवड मोजायला निघत असू. कुणाला त्यात विसंगती दिसली नाही. ज्याला दिसायला हवी होती तो मीच.

नाईकांनी पागोटं सारखं केलं. “शाळा तिची हाय,” ते मला म्हणाले. “ती म्हणती तेच.” त्यांचा चेहरा काही खूश नव्हता.

मुग्धाने हळूच विचारलं, “मॅडम, पेटी गाडीतच आहे. मोजायचं नाही, नोंद नाही. पण आणलीच आहे, तर मुलांना दाखवू का?”

ललिता मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. “दाखवू नका. द्या. दुपारपर्यंत. फुटलं तर सांगा, आमी पाहून घेऊ.”

पेटी दिली. मी नाईकांबरोबर व्हरांड्यात बसलो, पाठ वर्गाकडे करून. आतून आरडाओरडा, भांडणं, “मला दे नं बे”, “सरक की”, मध्येच शांतता, पुन्हा ओरडा. एकदा काच फुटल्याचा आवाज झाला. मी अर्धा उठलो. नाईकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “बसा.” मी बसलो. आत काय झालं ते मला माहीत नाही, म्हणून ते इथे लिहीत नाही. लिहिण्याचा मोह मात्र फार होतो आहे.

निघताना मुग्धा गाडीत टॅब घेऊन बसली. शाळेच्या नावापुढे काहीतरी भरल्याशिवाय यंत्र पुढे जाईना. तिने एक रकाना मला दाखवला: ‘शाळेने नकार दिला.’ मी होकाराची मान हलवली. तिने बोट ठेवलं.

पुन्हा हिंगोली

दुसऱ्या दिवशी शाळा निवडणाऱ्या समितीची बैठक झाली. एअरकूलर, पाण्याच्या बाटल्या, काजू. न्यासाचे एक गृहस्थ अध्यक्ष. शाळांची नावं भिंतीवर पडली, प्रत्येकीपुढे आकडा. तांड्यापुढे आडवी रेघ.

मी उभा राहिलो. पंचवीस वर्षांपूर्वी काय पाहिलं, काय लिहिलं नाही, परवा पेढ्यांचं काय झालं, सगळं सांगितलं. माझा तो अहवाल मागे घ्यावा, प्रश्नावली बंद करावी, निदान माझं नाव तरी काढावं, आणि प्रयोगशाळा जिथे नाही तिथे द्यावी, म्हणालो. आवाज कापत होता, रागाने. त्यांना वाटलं वयाने. एकाने पाण्याची बाटली उघडून दिली.

अध्यक्ष सौजन्याने म्हणाले, “सर, तुमचा मोठेपणा आहे. पण तो अहवाल आता पायाभूत संदर्भ आहे. मागे कसा घेणार? आणि नाव राहू द्या हो, तो तुमचा सन्मान आहे.”

“तो खोटा आहे, असं मी लेखक म्हणून सांगतोय.”

“भावना पोचली. पण तक्त्यात आकडा नसेल तर आम्ही न्यासाला दाखवायचं काय?”

“रिकामी खोली दाखवा. चुना मारलेली.”

कुणी हसलं नाही, कुणी टिपूनही घेतलं नाही. कार्यवृत्त लिहिणाऱ्या गृहस्थांना मी म्हणालो, माझं म्हणणं नोंदवा. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, “ज्येष्ठ तज्ज्ञांनी मार्गदर्शन केले, असं घ्या.” प्रयोगशाळा त्या दुमजली शाळेला गेली, जिथे एक आधीच कुलपात आहे. मुग्धाने स्वतःच्या नावापुढे सही केली नाही. तिची नोकरी नवी आहे. सही करू नकोस, असं मी तिला म्हणालो नव्हतो. माझी सही कुणी मागितलीच नाही, सल्लागाराची लागत नाही म्हणे.

म्हणून हे इथे लिहिलं आहे. जिथे नोंदवायला हवं होतं तिथे नोंदवून घेत नाहीत, तेव्हा ज्यांनी हिंगोली पाहिली नाही अशा वाचकांना सांगण्यावाचून माझ्यापुढे दुसरी वाट नाही. तांड्यावरच्या मुलांना विज्ञानाची आवड नाही, असं कुठे वाचलंत, कुणी सभेत सांगितलं, तर ते मी लिहिलं होतं आणि ते चूक होतं. त्यांच्या आवडीबद्दल मला काहीच माहीत नाही. माहीत असण्याचा मला अधिकारही नव्हता.

स्टेशनावर गाडीची वाट पाहताना ललिता मॅडमना फोन लावला. प्रयोगशाळा मिळाली नाही, हे मला स्वतः सांगायचं होतं. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

“वाटलंच व्हतं,” त्या म्हणाल्या. “काका लय चिडतील आता.” मग मुलांवर एकदा ओरडल्या. “सर, एक सांगा. आमच्या शाळेच्या नावापुढं काय लिवलं त्यांनी? आवड न्हाई, असं लिवलं का?”

“नाही. शाळेने नकार दिला, असं लिहिलंय.”

“व्हय?” त्या म्हणाल्या. “हे बराबर हाय. हे राहू द्या.”